‘जणू’ आणि ‘आहे’

साहित्याच्या वाचकांसमोर गुंतवणूक बँकांतील गणिती प्रतिमानांविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. हा विषय संख्याशास्त्राचा, फार तर वृत्तपत्राच्या अर्थविषयक पानाचा, अशीच बहुतेकांची समजूत असणार. माझीही अनेक वर्षे होती. परंतु या क्षेत्रात बारा वर्षे काढल्यानंतर माझे असे मत झाले आहे की तेथे जे बिघडते ते पुष्कळदा गणितात बिघडत नाही, वाक्यात बिघडते. आणि वाक्यात बिघडत असेल, तर वाक्यांचा अभ्यास करणाऱ्यांचाही तो विषय आहे. म्हणून हे धाडस.

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) वाईच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत. अलंकार हा त्यांचा आवडता भाग. चाचणीच्या उत्तरपत्रिकांत ज्या मुलाने उपमेय आणि उपमान बरोबर ओळखले, पण साम्यवाचक शब्द लिहायचा राहिला, त्याचा ते अर्धा गुण कापत. मुले कुरकुर करत, कधी एखादे पालक येत. अण्णांचे उत्तर ठरलेले असे : “मुख आणि चंद्र कुणालाही दिसतात. मधला ‘सारखा’ दिसायला पाहिजे.”

मी संख्याशास्त्राकडे वळले. पुण्याला एम.एस्सी. केले आणि २००४ साली एका परदेशी गुंतवणूक बँकेच्या मुंबईतील कार्यालयात रुजू झाले. काम होते प्रतिमानांच्या पडताळणीचे. लंडन-न्यूयॉर्कमधील गणिती (त्या जगात त्यांना ‘क्वांट’ म्हणतात) एखाद्या व्यवहाराची किंमत ठरवण्यासाठी प्रतिमान बांधत. आम्ही ते स्वतंत्रपणे पुन्हा बांधून पाहायचे, त्याची गृहीतके तपासायची आणि अहवाल लिहायचा. माझे इंग्रजी बरे म्हणून अहवालाचा मजकूर बहुधा माझ्या वाट्याला येई. नोकरी गणिताची असली तरी माझा दिवस वाक्ये लिहिण्यात जाई.

प्रतिमान म्हणजे काय, हे एका खऱ्या उदाहरणावरून सांगते. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी शेअरवरील ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. त्यामागची कल्पना अशी की शेअरची किंमत ही द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणासारखी दिशाहीन हेलकावे खात जाते आणि त्या हेलकाव्यांचे प्रमाण स्थिर असते. पुढे ब्लॅक गोल्डमन सॅक्समध्ये आले. १९८५च्या डिसेंबरात इमॅन्युएल डर्मन हे कणभौतिकीचे अभ्यासक तेथे दाखल झाले. कर्जरोख्यांवरील ऑप्शनना किंमत कशी लावायची हा प्रश्न तेव्हा तेथे होता. शेअर कुठेही भरकटू शकतो. कर्जरोख्याला मात्र मुदत संपताच आपल्या दर्शनी मूल्यावर परत यावे लागते. म्हणजे कणाची उपमा येथे लागू पडेना. ब्लॅक, डर्मन आणि बिल टॉय यांनी १९८६ साली दुसरी उपमा शोधली. किंमत नव्हे, तर अल्पमुदतीचा व्याजदर भटकतो असे मानायचे. प्रत्येक टप्प्यावर तो एक तर वर जाईल नाही तर खाली. अशा फाट्यांचे एक झाड काढायचे. आणि आज बाजारात दिसणाऱ्या रोख्यांच्या किमती त्या झाडातून बरोबर निघाव्यात अशा बेताने फांद्या जुळवायच्या. हे प्रतिमान १९९० साली प्रसिद्ध झाले आणि अनेक बँकांनी वापरले.

व्याजदर झाडावर राहत नाहीत हे ते झाड काढणाऱ्यांइतके कुणाला ठाऊक असणार? ब्लॅक यांनी तर १९८९ साली स्वतःच्या प्रसिद्ध सूत्रातील भोकांवर लेख लिहिला. सूत्राचे कोणते गृहीतक वस्तुस्थितीशी जुळत नाही, आणि ते जुळत नाही हे ओळखून सूत्र कसे वापरावे, हा त्याचा विषय. कवीला आपली उपमा कुठे संपते हे माहीत असावे, तसे त्यांना आपल्या सूत्राविषयी माहीत होते.

२००६च्या दिवाळीत मी वाईला गेले होते. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. फराळाचे डबे शेजारच्या काकूंनी आणून दिलेले. संध्याकाळी ओटीवर बसलेलो असताना अण्णांनी विचारले, “तू तिथं नक्की करतेस तरी काय?” कार्यालयातील कागदांविषयी बोलणे शक्य नव्हते, पण ज्यावर आमचे अर्धे काम उभे होते तो डेव्हिड ली यांचा लेख छापून प्रसिद्ध झालेला होता. त्याविषयी सांगू लागले.

ली हे मुळात विमागणिताच्या वाटेने आलेले. जे. पी. मॉर्गनमधून १९९८ साली वेगळ्या झालेल्या रिस्कमेट्रिक्स या संस्थेत असताना, २००० साली, त्यांनी हा लेख प्रसिद्ध केला. प्रश्न असा : शंभर कंपन्यांना दिलेली कर्जे एकत्र बांधली, तर त्यांतली किती एकाच वेळी बुडतील? एकेका कंपनीचा अंदाज करता येतो. सगळ्यांचा मिळून कसा करायचा? ली यांना विमागणितातील एक जुना अनुभव आठवला. पती-पत्नींपैकी एक गेल्यावर दुसऱ्याचा मृत्युसंभव वाढतो. दोघांची आयुष्ये स्वतंत्र धरून विम्याचा हिशेब जुळत नाही. कंपनीचे बुडणे हे मृत्यूसारखे मानले, तर दोन आयुष्यांना जोडणारे गणित दोन कर्जांनाही…

वाक्य अर्ध्यावर आले तेव्हा मी कुणासमोर काय बोलते आहे ते माझ्या ध्यानात आले आणि मी थांबले. अण्णा काही वेळ अंगणाकडे पाहत होते. मग त्यांनी शाळेतल्यासारखे विचारले, “उपमेय?”

“कंपनीचं बुडणं.”

“उपमान?”

“मृत्यू. म्हणजे जोडीदाराचा मृत्यू.”

“साधारण धर्म?”

“कधीतरी होणार, पण कधी ते ठाऊक नाही. आणि एकाचं झालं की दुसऱ्यावर त्याचा परिणाम.”

“साम्यवाचक शब्द?”

“तो गणितात लिहीत नाहीत, अण्णा.”

“मग कुठं लिहितात?”

“अहवालात.”

“कोण लिहितं?”

“मी,” मी म्हटले. ते हसले, आणि विषय तेथेच संपला.

माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही. मुंबईला परत येताना गाडीत मी ही उपमा पुन्हा तपासली. जोडप्यांविषयीचे विमागणित हे प्रत्यक्ष मृत्यूंच्या नोंदींवरून आलेले. कंपन्या मात्र अशा रोज मरत नाहीत, नोंदी अपुऱ्या. म्हणून ली यांच्या पद्धतीत कंपनीच्या आयुष्याचा अंदाज बाजारभावावरून काढला जाई. ती बुडण्याविरुद्धचे संरक्षण आज काय भावाने विकले जाते, यावरून. कंपन्यांना परस्परांशी जोडणारा आकडाही पुढे बाजारातील भावांवरूनच उलटा काढला जाऊ लागला. म्हणजे जोडप्याची प्रकृती पाहायची नाही, त्यांच्यावर लावलेल्या पैजा पाहायच्या. त्यातही, बाजारात प्रचलित असलेल्या निर्देशांकात १२५ कंपन्या असत. १२५ कंपन्यांच्या जोड्या होतात ७,७५०. इतक्या संबंधांच्या जागी व्यवहारात बहुधा एकच आकडा वापरला जाई.

ज्या गणिती साधनाने ही जोडणी होते त्याचे नाव ‘कोप्युला’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बंध. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा शब्द परका नसावा : वाक्यात उद्देश्य आणि विधेय यांना जोडणाऱ्या ‘आहे’सारख्या क्रियापदाला पाश्चात्त्य व्याकरणात हेच नाव आहे. हा केवळ शब्दांचा योगायोग असेल. पण मला जे सांगायचे आहे ते नेमके या दोन अर्थांच्या मध्ये आहे.

आपल्याकडील अलंकारविचार साम्याचे टप्पे फार बारकाईने वेगळे करतो. ‘सारखा’ म्हटले की उपमा. ‘जणू’ म्हटले की उत्प्रेक्षा. मधला शब्द काढून दोन्ही एकरूप मानले की रूपक. हे की ते, असा संशय राहिला तर ससंदेह. आणि एकाच्या जागी दुसरेच आहे असा भ्रम होऊन त्याप्रमाणे कृतीही घडली, तर भ्रांतिमान. पात्रात पडलेले चांदणे दूध समजून चाटू लागणारे मांजर हे त्याचे संस्कृत साहित्यशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण. संशय आणि भ्रम यांतील सीमारेषा कृतीची आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

बँकेत प्रतिमान नेमक्या याच पायऱ्या उतरत जाते. बांधणाऱ्याच्या लेखात ते उत्प्रेक्षा असते : कंपन्या जणू जोडपी आहेत असे समजू या. पडताळणीच्या अहवालात ‘असे गृहीत धरले आहे’. समितीपुढील टिपणात ‘प्रतिमानानुसार सहसंबंध इतका आहे’. आणि सायंकाळच्या तक्त्यात नुसता आकडा. तेथे क्रियापदच नसते, म्हणून ‘आहे’ अध्याहृत धरले जाते. या संपूर्ण प्रवासात एकही गणिती चूक होत नाही. गळत जातो तो फक्त साम्यवाचक शब्द.

‘व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क’ या मापाचेही असेच झाले. जे. पी. मॉर्गनचे अध्यक्ष डेनिस वेदरस्टोन यांना रोज दुपारी सव्वाचार वाजता एक टिपण हवे असे : पुढच्या चोवीस तासांत संपूर्ण बँकेला किती धोका आहे? त्या गरजेभोवती वाढलेली पद्धत बँकेने १९९४ साली रिस्कमेट्रिक्स या नावाने सर्वांसाठी खुली केली. तिचा आकडा सांगतो की शंभरांपैकी पंचाण्णव दिवशी तोटा अमुक रकमेच्या आत राहील. उरलेल्या पाच दिवसांविषयी तो काहीच सांगत नाही. परंतु बैठकीत हाच आकडा ‘आपण जास्तीत जास्त इतके गमावू’ असा उच्चारला जाताना मी अनेकदा ऐकला आहे. मूळ वाक्यातला अर्धा भाग बोलता बोलता गळून गेलेला असे, आणि उरलेले वाक्य मूळच्या नेमके उलटे असे.

आता मूळ मुद्दा. २००७च्या मार्चमध्ये आमच्याकडे कोप्युलावर आधारलेले एक प्रतिमान पडताळणीला आले. एकत्र बांधलेल्या कर्जांचे थर पाडून ते विकले जात. तळच्या थराने आधी तोटा सोसायचा, वरच्याने सर्वांत शेवटी. या सर्वांत वरच्या, म्हणून सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या थराला किंमत लावणे हा प्रतिमानाचा एक उपयोग. त्यात वापरलेल्या गाउसीय जोडणीचा एक गुणधर्म पाठ्यपुस्तकातही सापडतो : आपण जितके टोकाकडे जावे तितका परस्परसंबंध विरत जातो. मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले की संकट जितके मोठे तितक्या कंपन्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे बुडतील असे हे प्रतिमान मानते. मोठ्या संकटात प्रत्यक्ष याच्या उलट घडते. म्हणून सर्वांत वरच्या थराची किंमत केवळ या प्रतिमानावरून ठरवू नये.

लंडनहून दूरध्वनी आला. बोलणारे गृहस्थ अत्यंत सभ्य होते. गणित अगदी बरोबर आहे, असे त्यांनी आधी मान्य केले. भाषा मात्र त्यांना ‘जरा तीव्र’ वाटत होती. ते वाक्य परिशिष्टात मर्यादांच्या यादीत गेले तर अहवाल अधिक समतोल होईल, असे त्यांचे म्हणणे. कुणी धमकी दिली नाही, आदेश दिला नाही. मी दोन दिवस विचार केला (खरे तर फारसा केला नाही, बढतीची वर्षअखेर समोर होती) आणि वाक्य बदलले. नवे वाक्य असे : ‘टोकाच्या परिस्थितीत प्रतिमानाच्या काही मर्यादा संभवतात.’ हे वाक्य खोटे नाही. मी त्यातून फक्त कंपन्या काढल्या, बुडणे काढले, आणि ‘ठरवू नये’ काढले. अहवाल मंजूर झाला. माझ्या वरिष्ठांनी लेखनाचे कौतुक केले.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. २००७च्या ऑगस्टमध्ये गोल्डमन सॅक्सचे वित्तप्रमुख डेव्हिड विनियर यांनी लागोपाठ अनेक दिवस पंचवीस प्रमाण विचलनांइतक्या हालचाली दिसल्याचे सांगितले. प्रसामान्य वितरण खरे मानले तर असा एक दिवस विश्वाच्या आजवरच्या वयातही येऊ नये. तो जर लागोपाठ येत असेल, तर जगात चमत्कार घडलेला नसतो. आपली उपमा तुटलेली असते. ‘पंचवीस प्रमाण विचलने’ हे वाक्य म्हणजे चांदणे आज विलक्षण पातळ निघाले अशी मांजराने केलेली तक्रार. २००८च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि ‘सर्वांत सुरक्षित’ थरांवरही अनेक बँकांना प्रचंड तोटे दाखवावे लागले. आमच्या बँकेतला तो विभाग लंडनमध्ये बंद झाला. मुंबईत आम्हाला एक ईमेल आली.

काही महिन्यांनी अंतर्गत चौकशीसाठी जुने अहवाल मागवले गेले. तेव्हा परिशिष्टातील माझे ते वाक्य आमच्या विभागाने पुढे केले : पाहा, मर्यादा आम्ही नोंदवली होती. ते वाक्य आमच्या बचावाला पुरले. कोणालाही सावध न करणारे वाक्य लिहिणाऱ्यांना मात्र वाचवू शकते, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर मी त्या क्षेत्रात आणखी काही वर्षे राहिले, २०१६ साली बाहेर पडले. पण लाज वाटली ती त्या एका दिवसाची.

माझे पहिले वाक्य तसेच राहिले असते तर काही टळले असते, असा माझा मुळीच दावा नाही. इशारे कमी नव्हते. मे २००५ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या कर्जांचे मानांकन घसरले, तेव्हाच या प्रतिमानाच्या भरवशावर केलेले बचावाचे व्यवहार उलटले होते. त्याच वर्षी खुद्द ली यांनी वृत्तपत्राशी बोलताना, प्रतिमानातून बाहेर पडणारे सगळेच लोक खरे मानू लागतात हा धोका बोलून दाखवला होता. २००९च्या जानेवारीत डर्मन आणि पॉल विल्मट यांनी प्रतिमानकारांसाठी वैद्यांच्या शपथेच्या धर्तीवर एक शपथ लिहिली. तिचा भाव असा की जग आपल्या समीकरणांना बांधील नाही हे विसरणार नाही. कवींना भ्रम झाला नव्हता. तो आम्हा निरोप्यांकडून पोचवला गेला.

२०१२ साली जे. पी. मॉर्गनला लंडनमधील एका व्यवहारसमूहात सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला, तेव्हा तेथील नव्या धोकामापक प्रतिमानाच्या तक्त्यात सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेल्याचे बँकेच्याच चौकशीत आढळले. ही गोष्ट पुष्कळांना पाठ असते, कारण ती सोपी आहे : चूक सापडली, दुरुस्त केली, संपले. तक्ता निर्दोष असताना वाक्य चुकते, ती गोष्ट सांगायला अवघड. कारण तेथे दाखवायला कुठलाही चुकलेला रकाना नसतो.

यावरून प्रतिमानेच टाकून द्यावीत असा निष्कर्ष कुणी काढू नये. ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते झाड नसते तर व्यवहार थांबले नसते. ते निव्वळ अंदाजाने झाले असते. उपमा हे अज्ञाताकडे जाण्याचे आपले सर्वांत जुने साधन आहे, आणि चांगली उपमा वस्तूविषयी आधी न दिसलेले काही दाखवतेच. ली यांच्या उपमेनेही दाखवले : कर्जे एकेकटी मरत नाहीत. आक्षेप उपमेवर नाही, तिचा साम्यवाचक शब्द पुसण्यावर आहे.

आणि साहित्याच्या लोकांनी याबाबत फार निश्चिंत राहू नये, असेही मला वाटते. ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या उत्तरपत्रिकांत लिहीत आणि तपासत आलो आहोत. ते कुणाचे तरी रूपक होते. आता ते विधान झाले आहे, आणि त्यावरून पुस्तकांना गुण दिले जातात, पुस्तके अभ्यासक्रमात येतात आणि जातात. ‘पिढी’, ‘प्रवाह’, ‘उगम’, ‘ऱ्हास’ ही सगळी आपली प्रतिमानेच. त्यांतला ‘जणू’ शेवटचा कधी उच्चारला गेला होता, हे आठवून पाहावे. फरक एवढाच की आपल्या भ्रमाची किंमत सायंकाळच्या तक्त्यात उमटत नाही. आणि मांजर निदान स्वतःच उपाशी राहते. आमच्या चुकीत दूध दुसऱ्यांचे होते.

अण्णा आज त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेली त्याला दोन दशके होऊन गेली. जोडीदारामागे राहणाऱ्यांविषयीचा तो आकडा खोटा नव्हता. तो सगळ्यांविषयी होता, त्यांच्याविषयी नव्हता. मधूनमधून ते मला विचारतात, “मग, तो शब्द लिहिलास ना?” २००६च्या त्या संध्याकाळची ती आमची जुनी थट्टा. मी हो म्हणते. मार्च २००७च्या अहवालाची गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. अर्ध्या गुणावर ते भागले नसते, हे मला ठाऊक आहे.